साखर काढून टाकणाऱ्या मुलाची चौकशी

आमच्या भूम तालुक्यातून इंदापूर-बारामतीकडं ऊस तोडायला पुष्कळ माणसं गेली. सोयरीक बघायला गेलेला बहुतेक मी पहिलाच. म्हणून लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस. बांधकाम खात्यात मैलकुली होतो, रस्त्याचे खड्डे बुजवण्यात नोकरी गेली. ह्या लिहिण्यात खड्डे राहतील, ते वाचणाऱ्यानं बुजवून घ्यावेत.

माझी मुलगी सुजाता पुण्याला एका प्रयोगशाळेत कामाला आहे. थंडीत घरी आली तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "आप्पा, एक मुलगा आहे. आपल्यातलाच, बौद्ध. लासुर्ण्याच्या साळव्यांचा आनंद. विलायतेत असतो, सध्या सुट्टीवर आलाय. लग्न झालं तर मीही तिकडं जाईन."

मी विचारलं, "करतो काय?"

तिनं पुष्कळ सांगितलं. मला कळलं ते एवढंच, की प्रयोगशाळेत असतो, काम साखरेचं आहे, आणि तो साखर काढून टाकतो. मी म्हणलं, सगळी दुनिया साखर करायला धडपडती आणि हा काढून कशाला टाकतो? ती हसली. म्हणाली, "तुम्ही जाऊन बघून या. रविवारी ते वाट बघतील. तुम्ही हो म्हणालात तरच. नाही म्हणालात तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

इथंच माझी अडचण झाली. शेवंता, माझी मंडळी, गेल्या वर्षी गेली. भावकीतल्या सगळ्या सोयरिकी तिनं बघितल्या. हात धुवायला म्हणून मोरीत जायची आणि अख्खं घर वाचून यायची. मला रस्ता वाचता येतो, घर वाचता येत नाही. हो म्हणलं तर मुलगी समुद्रापलीकडं. नाही म्हणलं तर ती आईवर गेलेली आहे, जन्मभर एक शब्द बोलणार नाही. मी रविवारची वाट न बघता चौकशी करायला आदल्या दिवशीच निघालो.

इंदापूर

टेंभुर्णीपर्यंतचा रस्ता सांगण्यासारखा नाही. पुढं हायवे लागला आणि मी खिडकीत सरसावून बसलो. साईडपट्टी कशी असावी ते तिथं बघावं. मुरूम दाबून बसवलेला, पाणी निघून जायला उतार दिलेला. शेजारच्या माणसाला मी ते दाखवलं तर तो झोपेचं सोंग घेऊन बसला.

इंदापुरात भिकू राहतो. आम्ही एका टोळीत खडी टाकली, नंतर तो मुकादम झाला. त्यानं मला धरणाच्या फुगवट्यावर नेलं. आमच्याकडं एवढं पाणी एका जागी बघायचं तर आभाळच फाटलं पाहिजे. पाण्यात बगळे उभे होते, कोळी जाळी झाडत होते. भिकूनं पाण्याच्या मधोमध बोट केलं. "तितं खाली माझा रस्ता हाय. धरण व्हायच्या आधी टाकलेला. आजून शाबूत आसंल."

"कशावरून?"

"मी टाकलाय म्हणून."

मग पाण्याकडं बघतच म्हणाला, "वैनी गेल्याचं कळलं. यायला जमलं न्हाय."

"आला असतास तरी काय केलं असतंस?" मी म्हणलं. तो म्हणाला, "ते बी खरंच." आमचं असंच बोलणं आहे.

दुपारी त्याच्या घरी चिलापी माशाचं कालवण आणि ज्वारीची भाकरी. मासा आमच्या तिकडं आठवड्याच्या बाजारात येतो, तो डोळे पांढरे होऊनच. हा सकाळी पोहत होता. चहा मात्र मला सोसला नाही. त्या मुलखात चहात साखर घालत नाहीत, साखरेत चहा घालतात. मी तोंड वाकडं केलं तर भिकूची बायको म्हणाली, "भावजी, हितं फिका चहा दिला तर मानूस म्हनतंय, घरात मयत झालीया का." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. मी तो चहा पिऊन टाकला.

भिकू म्हणाला, "लासुर्णं हितनं जवळच हाय. चल, आताच जाऊन इचारू." मी नको म्हणलं. शेवंताचा नियम होता, स्थळाची चौकशी त्याच्या गावात करायची नाही. गावातला माणूस एकतर भाऊबंद असतो नाहीतर वैरी, खरं कोणीच बोलत नाही. चौकशी करायची बाजाराच्या गावात. तिथं माणूस त्यांना ओळखतो, पण त्यांच्या बांधाला त्याचा बांध नसतो. लासुर्ण्याचा बाजार बारामती. म्हणून मी बारामतीची एसटी धरली.

ती एसटी लासुर्ण्यावरूनच जाते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गाडी थांबली, पाटी दिसली, आणि मी टॉवेल तोंडावर घेऊन बसलो. मला तिथं ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. कंडक्टरनं विचारलं, "आबा, उलटी येती का?"

बारामती

बारामतीत मार्केट यार्डापाशी उतरलो. गुळाच्या ढेपा एकीवर एक रचलेल्या, माशा आणि माणसं सारखीच गोळा झालेली. पोरं-पोरी सायकलींवरून कॉलेजातून घरी चाललेली. आमच्या तालुक्यात एवढ्या मुली सायकलीवर मी कधी बघितल्या नाहीत. बघून बरं वाटलं आणि सुजाताची आठवण झाली.

यार्डाच्या तोंडाशी एक चहावाला होता, जाडा, बोलका. चौकशीला असाच माणूस लागतो. मी विचारलं, "लासुर्ण्याचे साळवे माहीत आहेत का?"

"कंचे साळवे?"

"ज्यांचा मुलगा लॅबोरेटरीत असतो. साखरेच्या."

"मग सुरेशराव म्हना की. सोमेश्वरनगरला कारखान्यात केमिस्ट हाय. झ्याक मानूस. कारखान्याच्या कॉलनीत ऱ्हातोय."

"आमाला तर विलायतेत असतो म्हणून सांगितलं."

त्यानं विचार केला. "कारखान्यानं धाडला आसंल काय तरी शिकायला. आता आलाय न्हवं का माघारी? कालच यार्डात दिसला. तुमी काय, सोयरीक बघाय आलाय जनू?"

मी नाही म्हणलं. तो म्हणाला, "न्हाय तर न्हाय. पर टोपी नवी हाय तुमची."

मला वाटलं, चला, आपलं कोडं सुटलं. साखर काढून टाकतो म्हणजे उसातून काढतो. पोरगी शिकलेली, उलटं बोलती. नाव सुरेश कसं, हे माझ्या डोक्यात आलं होतं. पण घरी एक नाव आणि कागदावर एक, असं आमच्यातही असतं. मी गाडी बदलली.

सोमेश्वरनगर

कारखाना दिसायच्या आधी नाकाला कळतो. मळीचा वास, गोड आणि कुजका. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, बैल उभ्यानं रवंथ करत होते. आणि रांगेच्या पलीकडं माळावर आमची माणसं. पाचटाच्या कोप्या, दारात चुली, आणि बोलणं अगदी आमच्या घरचं. परमुलखात आपली बोली ऐकली की पाय आपोआप वळतात.

एका कोपीपुढं गया भाकरी थापत होती. आमच्या शेजारच्या गावची, शेवंताला मावशी म्हणायची. मला बघून तिचा हात थांबला. "काका, तुमी हितं? ह्या वयात कोयता धरला का काय?"

"सोयरीक बघायला आलोय. सुजाताची."

"आन् मावशी?"

तिला कळलेलं नव्हतं. मी सांगितलं. तिची भाकरी तव्यावरच जळली, मग तिनं ती काढून दुसरी थापली आणि मला वाढली. खर्डा आणि भाकरी. तिच्या डोळ्यांचं पाणी धुरानं आलं की कशानं, मी बघितलं नाही.

"कंचं स्थळ?" तिनं विचारलं.

"हितलाच केमिस्ट. सुरेश साळवे."

गयानं माझ्याकडं टक लावून बघितलं. "काका, त्येला दोन लेकरं हायती. बायकू रोज गिरणीत दिसती मला."

मला पुढं काही ऐकू आलं नाही. कॉलनी विचारत गेलो. दारावर साळवे नाव होतं. दार वाजवलं. चष्मा लावलेला, पोट सुटलेला माणूस बाहेर आला. मी नमस्कारही घातला नाही. म्हणलं, "घरात बायको-लेकरं असताना दुसऱ्याच्या पोरीला विलायतेच्या गोष्टी सांगता, लाज वाटत नाही?"

त्यानं चष्मा काढून पुसला. आतून त्याची बायको आली, हात पिठानं भरलेले. "कंची पोरगी?"

"माझी सुजाता."

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, अगदी हळू, "सुजाता कोन?"

तो बिचारा म्हणाला, "देवाशप्पत मला म्हायती न्हाय." बायको म्हणाली, "आता देव कुठनं आला? आपन बौद्ध हाय." शेजारची दारं उघडली. मी विलायत, प्रयोगशाळा, लासुर्णं, सगळं घडाघडा बोललो. तेव्हा त्या माणसानं कपाळावर हात मारला आणि हसत सुटला. "आबा, आनंद. माझ्या चुलत्याचा आनंद. त्यो विलायतवाला. मी आख्ख्या जन्मात सोलापूरच्या पुढं गेलो न्हाय."

बायको मात्र लगेच हसली नाही. आधी चहा टाकला, मग हसली.

त्या सुरेशरावानं राग धरला नाही हे त्याचं मोठेपण. उलट मला कारखान्यात नेलं. मोठ्या कढईसारखं बंद भांडं, त्यातून त्यानं थोडा पाक काचेवर काढून उजेडाला धरला. पाकात बारीक बारीक दाणे चमकत होते. म्हणाला, "हे खडे. एकसारखं धरलं पायजेत. मळ ऱ्हायला तर खडा नीट धरत न्हाय."

"आणि आनंद काय करतो?"

"त्यो बी खडंच धरतोय. पर साखरंचं न्हाय, प्रथिनाचं. अंगात आसतंय न्हवं का प्रथिन, त्येचं. आन् त्येच्या कामात साखर हाच मळ हाय."

मी म्हणलं, "साखर मळ?"

"व्हय. आमच्या खड्याला मळी आडवी येती, त्येच्या खड्याला साखर आडवी येती. मला बी त्येवढंच कळलंय, म्होरचं त्यालाच इचारा."

मी सुरेशरावाकडंच मुक्काम केला, आणि झोप लागेपर्यंत मळी कुठली आणि साखर कुठली ह्याचा गोंधळ डोक्यात घालत राहिलो.

लासुर्णे

रविवारी लासुर्ण्याला गेलो तर गोष्ट माझ्या आधी पोचली होती. मी अंगणात पाऊल ठेवलं, तर आनंदचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणतात, खाटेवरून उठून मोठ्यानं म्हणाले, "या या. आमच्या सुरेशचं सासरं आलं." ओसरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी म्हणलं, "हसा. मुलीचा बाप म्हणलं की एवढं सोसावं लागतं." तात्यांनी माझा हात धरून शेजारी बसवलं.

घर पक्कं, अर्धं पत्र्याचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली ताजी फुलं. मी मोरीकडं गेलो, हात धुतले, इकडं तिकडं बघितलं. बादली होती, दगड होता, साबण होता. त्यावरून काय समजायचं ते मला समजलं नाही. परत येऊन बसलो.

आनंद पोरगा बारीक आहे, केस आत्ताच विरळ व्हायला लागलेत. हसताना खाली बघतो. मी सरळ विचारलं, "तू करतोस काय? मला तुझ्या भाषेत नको, माझ्या भाषेत सांग."

तो म्हणाला, "चला शेतात. तोड चाललीया."

उसाच्या फडात टोळी काम करत होती. कोयता बुडाशी, मग शेंडा उडवायचा, मग अंगावरचं पाचट सोलायचं, मोळी बांधायची. आनंदनं पाचटासकट एक ऊस उचलला. "आप्पा, हे असे ऊस मोळीत घट्ट बसतील का?"

"नाही बसायचे. पानं मधी येतात."

"आमचं प्रथिन असंच आहे. पेशी ते घडवते तेव्हा त्याच्या अंगावर साखरेच्या फांद्या लावते. एकाला लांब, एकाला आखूड, दोन सारखी म्हणून नसतात. मला ती विटांसारखी एकावर एक रचायची असतात, म्हणजे खडा होतो. खड्यावर एक्स-रे सोडला की आतला आकार कळतो."

"मग फांद्या लावूच देऊ नको."

"कवळ्या उसाची पानं ओरबाडली तर ऊस धरेल का?"

"वाळून जाईल."

"तसंच. साखर लावूच दिली नाही तर प्रथिन नीट वळत नाही, विस्कटतं. म्हणून साखर लावू द्यायची, पण बेतानं. आमच्याकडं अशा पेशी आहेत ज्यांना मोठी फांदी करताच येत नाही. सगळ्या फांद्या आखूड, एका मापाच्या. प्रथिन घडून बाहेर आलं की एक रस घालायचा, तो बुडाशी तोडतो. नुसता खुंट राहतो."

एवढं मला कळलं. कळलं म्हणून बरं वाटलं, तेवढ्यात त्यानं पुन्हा घोटाळा केला. मी विचारलं, "ह्या पेशी कुणाच्या?"

"चिनी उंदराच्या."

"उंदीर मारतोस?" पंचशील घेतलेल्या घरातला पोरगा, मला विचारणं भाग होतं.

"नाही. तो उंदीर माझ्या जन्माआधीच मेला. त्याच्या पेशी बाटलीत वाढतात, अजून वाढतायत. एकीच्या दोन, दोनाच्या चार. रोज बघावं लागतं, गुलाबी पाणी बदलावं लागतं."

"उंदीर मेला आणि त्याचं मांस जिवंत?"

"हो."

मी बांधावर बसलो. त्याला वाटलं मला ऊन लागलं.

घरी आलो तर ताटं वाढलेली. काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी, कांदा. आता इथं एक सांगायला हवं. आमच्याकडं मुलीचा बाप स्थळ बघायला गेला तर पाणी पितो, चहा पितो, पण भाकरी मोडत नाही. भाकरी मोडली की सोयरीक ठरली, वेगळं बोलावं लागत नाही. त्यांच्याकडं ही रीत नाही. त्यांच्याकडं वाढलेल्या ताटावर हात न लावणं म्हणजे घराला नावं ठेवणं. हे मला तिथं बसल्यावर कळलं, कारण सगळ्यांचे चेहरे उतरले. मी हात मांडीवर ठेवून बसलेला. तात्या खाईनात, आनंद खाईना.

आनंदची आई म्हणाली, "तिखट न्हाय केलं ओ. घ्या की."

तात्या म्हणाले, "आमचं काय चुकलं का?"

मी म्हणलं, "काही चुकलं नाही. मला अजून एक विचारायचंय." आणि आनंदला विचारलं, "तो आकार कळला की काय होणार?"

"हे प्रथिन पेशीच्या अंगावर असतं. एक पेशी दुसरीला त्यानं धरते, ओळखते. ते कसं, हे कळेल."

"कळलंय का?"

"नाही. अजून खडाच झाला नाही. दोन वेळा झाल्यासारखा वाटला, तो मिठाचा निघाला."

"होईल का?"

"माहीत नाही, आप्पा."

मग माझ्या तोंडून गेलं. विचारायचं असं ठरवलं नव्हतं. "माझी मंडळी गेली. तिचं असं काही बाटलीत ठेवता आलं असतं का?"

आनंद माझ्याकडं बघत होता, खाली बघितलं नाही त्यानं. म्हणाला, "कदाचित ठेवता आलं असतं. चामडीचा एवढासा तुकडा. काही दिवस पेशी वाढल्या असत्या, मग बहुतेक थांबल्या असत्या. पण त्या म्हणजे मामी नव्हत्या, आप्पा. तुम्ही बाटली हातात धरली असती तरी त्यांनी तुम्हाला ओळखलं नसतं."

"काय बोलतुयास पाव्हण्याम्होरं," आई त्याच्यावर ओरडली. "मानूस दुखात हाय."

मी म्हणलं, "बोलू द्या त्याला."

वर्षभर जो आला तो मला सांगून गेला, ती तुमच्याजवळच आहे, ती सगळं बघतीय. विहारातले भंते आले, भावकी आली, सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. मी मान हलवायचो आणि रिकाम्या घरात जाऊन बसायचो. मान हलवणं अवघड असतं, हे कोणाला माहीत नाही. ह्या पोरानं मला मान हलवायला लावली नाही. त्याला सोयरीक हवी होती, गोड बोलून मोकळा झाला असता. ह्याच्या घरात सुजाता आजारी पडली, दुखावली, खचली, तरी हा तिला खोटं सांगणार नाही. शेवंतानं मोरीत काय बघितलं असतं ते मला अजून माहीत नाही. मी हे बघितलं.

मी भाकरी मोडली. रश्शात कुस्करली आणि जेवलो. तिखट होतं. आईनं न विचारता पुन्हा वाढलं, तेही खाल्लं. तात्यांच्या जिवात जीव आला. म्हणाले, "पाव्हणं, सुरेशकडं एवढं जेवला न्हाय म्हनं तुमी."

जेवण झाल्यावर रस्त्यावरच्या एसटीडीच्या दुकानातून पुण्याला फोन लावला. सुजाता तिथं शेजारच्यांच्या फोनवर वाट बघत होती. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

"आप्पा, कळलं का तो काय करतो ते?"

"थोडं कळलं. मग उंदीर आला आणि गोंधळ झाला. पुन्हा सांग म्हणलीस तर सांगता येणार नाही."

तिकडं कोणाचं तरी लेकरू रडत होतं ते ऐकू येत होतं. मग तिनं विचारलं, आवाज अगदी बारीक करून,

"जेवलात का?"

मी म्हणलं, "जेवलो."